कुमुदीची मादी

विज्ञानातले सगळे मोठे शोध माणसाच्या अथांग जिज्ञासेतून लागतात, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो. माझा स्वतःचा एकुलता एक शोध यल्लाप्पाच्या हातून बरणी निसटल्यामुळे लागला.

"सर, फुटली की ओ," यल्लाप्पा म्हणाला. हा आमच्या प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई. बरणी स्वतःच्या मर्जीने फुटली असावी असा त्याचा चेहरा होता.

फरशीवर काचा, ओली माती, कुजका पाला, आणि त्यातून सावकाश चारी दिशांना निघालेले वाणी. वाणी म्हणजे किराणा दुकानातले नव्हेत. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर असंख्य पायांनी चालत असतो, काडी लावली की अंगाची गोल चकती करून पडून राहतो, तो वाणी. काही भागात त्याला पैसा म्हणतात. आमच्या विभागाच्या मालकीचा तेवढाच पैसा होता.

"कुठल्या बरणीतले हे?" मी विचारलं.

"बारक्या. कुमुदीच्या."

कुमुदी ही वाण्यांची बारीक जात म्हणजे आमच्या विभागाची शान. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमचे विभागप्रमुख हेर्लेकर सर यांच्या साठीचा सत्कार होता. त्यासाठी कलकत्त्याहून वाण्यांचे एक मोठे अभ्यासक येणार होते. ते भारतातल्या सगळ्या वाण्यांवर जाडजूड पुस्तक लिहीत होते आणि त्यांना कुमुदी जिवंत बघायची होती. त्यासाठीच यल्लाप्पाला मी बरण्या पुसायला सांगितलं होतं. त्याने बारा महिने त्या पुसल्या नव्हत्या आणि बारा महिने त्या फुटल्या नव्हत्या.

तारळखिंड हे आमचं गाव घाटमाथ्यावर. भाद्रपदात तिथे चपलांना बुरशी येते आणि माणसांना कंटाळा. अशा गावात कॉलेज निघालं आणि त्या कॉलेजात हेर्लेकर सरांना डोंगरावर एक नवा वाणी सापडला. तिथे आधीपासून माहीत असलेला एक मोठा वाणी होता, करंगळीएवढा जाड. इंग्रजांच्या काळात टॉमलिन्सन नावाच्या जंगलखात्यातल्या साहेबाने तो बाटलीत घालून विलायतेला पाठवला होता, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात साहेब शेपटासारखा जोडलेला होता. सरांना सापडलेला त्याहून कितीतरी बारीक. जेमतेम पेन्सिलीएवढा, लांबीलाही कमी, चालायला चपळ. सरांनी तो नवी जात म्हणून जाहीर केला आणि त्याला आपल्या बायकोचं, कुमुदकाकूंचं, नाव दिलं. कुमुदी. वर्तमानपत्रात फोटो आला. ह्या कुमुदीमुळे तारळखिंड जगाच्या नकाशावर गेलं असं प्राचार्य दर पंधरा ऑगस्टला सांगत. नकाशा कुठे मिळेल ते सांगत नसत.

आणि मी? मी मिराशी. त्या विभागात हंगामी अधिव्याख्याता आणि सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. प्रबंधाचा विषय सरांनी मान्य केलेला : 'घाटमाथ्यावरील वाण्यांच्या दोन जातींमधील अन्नस्पर्धा व शत्रुत्व'. चार वर्षं मी मोठ्या वाण्यांना आणि कुमुदींना काकडीच्या चकत्या घालत होतो आणि त्यांच्या अंगाची जाडी मोजत होतो. वाणी मोजायचा म्हणजे तो वेटोळं सोडेपर्यंत हातात पट्टी धरून बसायचं. ह्या कामाने माझ्या अंगी जो संयम आला तो पुढे संसारात उपयोगी पडला. प्रबंध टाइप होऊन तयार होता. दिवाळीनंतर दाखल करायचा, पदवी मिळाली की नोकरी कायम, नोकरी कायम झाली की आई मुली बघायला मोकळी.

"आता ह्यांस्नी कुठं ठेवायचं?" यल्लाप्पाने विचारलं. त्याने सुपलीत सगळ्या कुमुदी गोळा केल्या होत्या.

मी दुसऱ्या बरणीकडे बघितलं. मोठे वाणी निवांत पडले होते. बरणीच्या वर, भिंतीवर, सरांच्या अक्षरातली पाटी होती : 'दोन जाती एका बरणीत ठेवू नयेत. भांडतात.' हा विभागाचा सर्वांत कडक नियम. डोंगरावरसुद्धा कधीकधी कुमुदी मोठ्या वाण्याच्या पाठीवर चढलेली दिसे. सरांची सूचना अशी, की दिसताक्षणी सोडवायचं. मी सोडवत असे, आणि प्रबंधातल्या 'हल्ले' ह्या तक्त्यात एक रेघ ओढत असे.

"एवढ्यापुरतं ह्यातच टाक," मी म्हणालो. "जेवून आलो की दुसरी बरणी आणतो."

जेवून आलो तेव्हा यल्लाप्पा स्टुलावर बसून बरणीकडे बघत होता. मला बघून तो उभा राहिला आणि का कोण जाणे, लाजला.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"भांडण न्हवं सर," तो म्हणाला, आणि पडदा ओढून बाहेर गेला.

मी भिंग घेतलं. एक कुमुदी एका मोठ्या वाण्याला वेटाळून होती. डोक्याजवळ डोकं, अंगाला अंग. मी सवयीने सोडवायला चिमटा उचलला आणि भिंगातून पहिल्यांदा नीट बघितलं. मग चिमटा खाली ठेवला. मी संस्कारी घरातला मुलगा होतो. खिडकी लावून घेतली.

वाण्यांमध्ये नर ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच्या अंगाच्या सातव्या कड्यावर चालायचे पाय नसतात, त्या जागी वेगळा अवयव असतो. नवी जात ठरवताना तज्ज्ञ त्या अवयवाकडेच बघतात. मी एकेक कुमुदी उलटी करून बघितली. प्रत्येकीला तो होता. मग मोठे वाणी बघितले. एकालाही नव्हता.

मी बसलो. म्हणजे कुमुदीची मादी आजवर का सापडली नाही ते कळलं. सर सांगायचे ती जमिनीत खोल राहते. मोठ्या वाण्याचा नर का सापडला नाही तेही कळलं. सर सांगायचे तो दुर्मिळ आहे. साहेबाने विलायतेला पाठवलेल्या बाटलीतही माद्याच असणार. शेजारीशेजारी एक आळी नुसत्या बायकांची, एक आळी नुसत्या पुरुषांची, आणि आमच्या अख्ख्या विभागाला कधी प्रश्न पडला नव्हता. जात एकच होती. मोठी ती बायको, लहान तो नवरा. आणि मी चार वर्षं डोंगरावर फिरून नवराबायकोंना एकमेकांपासून सोडवत होतो, आणि त्याचा तक्ता करत होतो.

हेर्लेकर सर आपल्या खोलीत उद्याचं भाषण तपासत बसले होते. मी फक्त "सर, जरा येता?" म्हणालो. ते एक पाय किंचित ओढत आले. सर चणीने फार लहान, पहिल्या बाकावरच्या मुलांनाही ते उठून दिसत नसत. बरणीसमोर येऊन त्यांनी बघितलं. मला वाटलं होतं ते चमकतील. त्यांनी आधी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

"मिराशी, वाचता येत नाही तुम्हाला?"

"सर, बरणी फुटली होती."

"मग दुसरी आणायची. बाजार बंद होता?"

"सर, ते भांडत नाहीयेत."

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत काढला.

"नाही," ते म्हणाले. "भांडत नाहीयेत."

मला त्यांचा आवाज ऐकून कळलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही इथे यायच्या बऱ्याच आधीपासून."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी काहीतरी बोलणार होतो, पण राग इतका आला की मराठी आठवेना.

"सर, मी ह्याच विषयावर प्रबंध लिहिलाय. शत्रुत्व! तुम्ही मान्य केलात विषय!"

"तुम्ही फार उत्साहाने आला होतात. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

"चार वर्षं, सर!"

"प्रबंध मान्य होईल. परीक्षक माझ्या ओळखीचे आहेत."

"आणि हल्ल्यांचा तक्ता?"

"तो चांगला झालाय," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. सर स्टुलावर बसले होते. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तिथे चार वर्षं होतो, पण ते मला त्या दिवशी दिसलं.

"मिराशी, आमच्या लग्नाची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली असेलच. गावात सगळे सांगतात."

"नाही सर," मी खोटं बोललो.

"गुरुजींनी अंतरपाट धरला. तो माझ्या डोक्यावरून गेला आणि तिच्या हनुवटीला आला. ती वरून सगळं बघत होती. मांडवात कुणीतरी ओरडलं, अरे नवऱ्याला पाट द्या! दोन दिले, एकावर एक. वरचा डुगडुगत होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत हसू थांबलं नाही. मला लोक हसले त्याचं एवढं नाही. तिला म्हणत होते थोराड, घोडी, काय वाट्टेल ते. ती तेव्हा लहान होती हो. वयाने."

ते बरणीकडे बघत होते.

"तेव्हापासून मी पुढे चालतो. बाजारात, देवळात, कुणाच्या कार्याला. मी पुढे, ती पार मागे. लोकांना आम्हा दोघांना शेजारी ठेवून मापायला मिळू नये म्हणून. मग ही कुमुदी सापडली. इतकी बारीक, इतकी देखणी. वाटलं, आयुष्यभर लोक हिला मोठी मोठी म्हणत आले, एकदा तरी पुस्तकात हिचं नाव नाजूक वस्तूला लागू दे. नाव दिलं, सत्कार झाला, आणि मिराशी, त्याच महिन्यात ती माझ्याबरोबर चालायला लागली. शेजारून. भर बाजारपेठेतून. इतक्या वर्षांनी! मग एक दिवस चुकून मीच दोन्ही वाणी एका बरणीत ठेवले."

"आणि पाटी लावलीत."

"आणि पाटी लावली."

मला त्यांची दया येत होती, आणि त्याचाही राग येत होता. माणसाने एकतर लबाड असावं किंवा दयनीय. दोन्ही एकाच वेळी असला की समोरच्याची फार अडचण होते.

"सर, उद्या ते पाहुणे कुमुदी पुस्तकात घालतील. मग ती कायमची छापली जाईल. मी त्यांना सांगणार."

"सांगा." ते लगेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण आधी तिला सांगा. उद्या गावासमोर तिला कळायला नको."

"मी? तुम्ही सांगायला हवं सर."

"हवं. रोज संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा ठरवतो, आज सांगायचं. मग ती शेजारून चालत असते. मी पावसावर बोलतो."

म्हणून त्या दुपारी शबनम पिशवीत बरणी घालून मी सरांच्या घरी निघालो. कॉलेजच्या मागच्या चढावर त्यांचं घर. दर गुरुवारी मी तिथे जेवायला असे. माझ्या खोलीत स्टोव्ह पेटत नाही हे काकूंना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि तेव्हापासून माझ्या नावाचं ताट तिथे होतं. त्या बाईला जाऊन सांगायचं, की तुमच्या नावाचा किडा आता तुमच्या नावाचा राहणार नाही. मी वाटेत तीन प्रस्तावना तयार केल्या. पहिलीत डार्विन होता.

कुमुदकाकू पडवीत होत्या. शेगडीवर मोठं टोपलं पालथं घालून त्यावर उद्याची साडी वाळवत होत्या. आमच्याकडे भाद्रपदात कपडे असेच वाळवतात, नाहीतर दसऱ्यापर्यंत ओलेच. त्या उभ्या राहिल्या की पडवीचं छप्पर एकदम खाली आल्यासारखं वाटे.

"ये रे मिराशी. तोंड का असं? टायपिस्टाने पानं हरवली?"

डार्विन पळून गेला. मी पिशवीतून बरणी काढून कट्ट्यावर ठेवली.

"काकू, ही कुमुदी."

"ओळखते मी तिला. उद्या दोन शब्द बोलायचेत तिच्यावर, ह्यांनी पाठ करून घेतलेत." त्या वाकल्या. "हे कोण बरोबर?"

"मोठा वाणी."

"काय चाललंय त्यांचं?"

मी शेगडीकडे बघितलं. "संसार," मी म्हणालो.

"अगंबाई." काकूंनी पदर सावरला, पण नजर काढली नाही. "पण हे दोन वेगळे ना? भांडतात ना?"

मग मी सांगितलं. सातवं कडं, नर, मादी, सगळं. काकूंनी ऐकता ऐकता साडीची बाजू तेवढी बदलली.

"म्हणजे कुमुदी अशी वेगळी कुणी नाहीच," त्या शेवटी म्हणाल्या. "ही ह्या मोठीचा नवरा."

"हो."

"आणि माझं नाव नवऱ्याला दिलंय."

"हो."

"जितक्या म्हणून कुमुदी आहेत त्या सगळ्या बाप्ये?"

"एकजात, काकू."

त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. "ह्यांना ठाऊक आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत फाटक वाजलं. सर अंगणात उभे होते. माझ्या मागोमागच निघाले असणार. छत्री उघडी होती, पण ती त्यांनी एका बाजूला धरली होती आणि ते भिजत होते.

"आत या," काकू म्हणाल्या. "छत्री मिटा. किती वर्षं ठाऊक आहे?"

सर पायरीवर थबकले. "दहा. जास्तच."

"आणि बोलला नाहीत."

"तुझं नाव गेलं असतं. नियम असा आहे, पहिलं नाव दिलं ते राहतं. टॉमलिन्सनचं आधीचं. तुझं पुसून टाकतात."

"मग पुसू द्यायचं!"

काकूंचा चढलेला आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. सरही दचकले.

"मी मागितलं होतं ते? त्या दिवशी कॉलेजात प्राचार्यांनी स्टेजवर बाटली वर धरली. म्हणाले, ही इवलीशी कुमुदी, आणि ह्या आमच्या कुमुदताई. आठवतं? सगळं सभागृह हसलं. मी उभी होते तिथे, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. लपायला स्टेजवर जागा असते का मला?"

"मी... मला टाळ्या ऐकू आल्या," सर म्हणाले.

"तुम्हाला टाळ्या ऐकू आल्या. मला हसू ऐकू आलं. घरी आल्यावर तुम्ही इतके खूश होतात, म्हणून गोड शिरा केला आणि गप्प बसले."

सर खांबाला धरून पायरीवर बसले. मी उठून जावं की बसावं हे मला ठरवता येईना. दोघांनाही मी तिथे आहे ह्याचा विसर पडला होता, आणि माझी चप्पल त्यांच्या दोघांच्या मधोमध होती.

"मग तू माझ्याबरोबर चालायला लागलीस ती?" सरांनी विचारलं. फार हळू विचारलं. "त्याच महिन्यात?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता. मग कळला.

"अहो, त्या महिन्यात तुम्ही कड्यावरून घसरलात नाही का. गुडघा गेला तुमचा. मी आपली माझ्या रोजच्या चालीनंच चालत होते. तुम्ही मागे पडलात."

शेगडीत एक निखारा तडकला. मी जन्मभर लोकांना हसवायचा प्रयत्न केला आहे, पण इतकं विनोदी वाक्य ऐकून इतकं वाईट मला पुन्हा कधी वाटलं नाही. सर त्या एका समजुतीवर दहा वर्षं जगले होते. तिच्यासाठी त्यांनी शास्त्र मोडलं होतं, मला मोडलं होतं. आणि आता ते आपल्या गुडघ्याकडे असे बघत होते, जसं काही तो परक्याचा गुडघा आहे.

मग काकूंनी बरणी उचलली आणि उजेडाकडे धरली.

"ही मोठी ती मादी."

"हो," सर म्हणाले.

"हीच एक अशी? का सगळ्याच?"

"सगळ्याच. वाण्यांच्या कितीतरी जातींत मादीच मोठी. नर बारीक."

"आणि ह्याला काही वाटत नाही?"

"कशाचं?"

"ती एवढी मोठी असण्याचं."

सरांनी मान वर केली. किड्याविषयी प्रश्न आला की त्या माणसाला खोटं बोलता येत नसे. त्याला पाटी लावावी लागे.

"त्याला कसं कळणार... तो मागून येतो. तिच्या पाठीवर चढतो आणि शेपटापासून डोक्यापर्यंत चालत जातो. पुष्कळ अंतर असतं त्याला. मग डोक्याशी पोचला की थांबतो."

"पाट लागत नाही?"

"नाही," सर म्हणाले. "पाट लागत नाही."

काकूंनी बरणी मांडीवर घेतली. "हे तुम्हाला दहा वर्षं माहीत होतं," त्या म्हणाल्या. आता आवाज चढला नव्हता. "की असं असतं. की ह्यात वेडंवाकडं काही नाही. नावाचं जाऊ दे खड्ड्यात. पण एवढं एक मला येऊन सांगायचं होतंत. मी तुमच्या शेजारून चालत होते आणि तुम्ही मला पाऊस किती इंच पडला ते सांगत होतात."

काकूंची साडी शेगडीवर तशीच राहिली होती. जळका वास आला तेव्हा मी धावत जाऊन ती ओढली. काठाजवळ तांबूस डाग पडला होता. काकूंनी तो बघितला, बोट फिरवलं, आणि निऱ्यांत जाईल म्हणाल्या.

"उद्या तुम्ही सांगायचं," त्या सरांना म्हणाल्या. "स्टेजवरून, त्या कलकत्त्याच्या पाहुण्यांसमोर. ह्या पोराने कशाला वाईट व्हायचं? आणि ह्याच्या पुस्तकाचं काय ते निस्तरा. चार वर्षं काकड्या चिरल्यात त्याने."

"लोक मला हसतील, कुमुद."

"हसू देत. मी असेन ना उभी. मी असले की तुमच्याकडे बघतं कोण?"

सर हसले असं म्हणवत नाही. त्यांच्या चेहऱ्याचं काहीतरी झालं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझं नाव? तिथे टॉमलिन्सन येईल."

"कोण होता हा मेला टॉमलिन्सन?"

"जंगलखात्यात होता. बाकी काही माहिती नाही."

"बायको होती?"

"कल्पना नाही."

"असली तर तिला विचारलं नसणार," काकू म्हणाल्या आणि साडीची घडी घालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं. कागद न बघता, अडखळत, गुडघा धरून. सभागृह हसलं, कारण सभागृहं हसतातच. पण पाहुणे खुर्चीवरून उठून सरांकडे आले. स्वतःच्या तोंडाने स्वतःची जात बुडवणारा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. काकू स्टेजवर अगदी पुढे उभ्या होत्या आणि ह्या वेळी हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत होत्या. ज्याच्याकडे बघितलं तो थांबत होता. माझी मापं वाया गेली नाहीत. विषय बदलून 'वाण्यांमधील नर व मादी यांच्या आकारमानातील फरक' असा झाला. हल्ल्यांचा तक्ता तोच राहिला, वरचा मथळा तेवढा बदलला. परीक्षक सरांच्या अजिबात ओळखीचे नव्हते; तसा आग्रह सरांनीच धरला. त्यामुळे आणखी दीड वर्ष गेलं आणि आईने मुली बघणं तेवढं लांबणीवर पडलं. त्या दीड वर्षासाठी मी सरांवर रागावलेलोच राहिलो, आणि गुरुवारचं जेवणही चालू ठेवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी बरणी पिशवीत घालून निघालो तेव्हा ते दोघं पडवीत होते. सर पायरीवर, काकू कट्ट्यावर, त्यामुळे फरक होता त्याहून दुप्पट दिसत होता. मधे बोलण्यासारखं इतकं साचलेलं होतं, की ते उद्याच्या एका दिवसात उरकेल असं मला वाटत नव्हतं. मी फाटकापर्यंत पोचलो आणि मागून काकूंची हाक आली. मी वळलो. मला वाटलं त्या आता माझे आभार मानतील, किंवा मला दोष देतील. दोन्हींची मी तयारी केली.

"अरे, उद्याचे हार आणायला तूच जाणारेस ना? मग दोघांना एका मापाचे नको आणू. गेल्या वेळी माझा अंबाड्यातच अडकला, आणि ह्यांचा पायात आला."